संगणक-सुरक्षेचे शिक्षण : पदवी कोणती निवडावी?

(नांदेड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु माहिती खात्यातील नोकरीमुळे पालकांच्या शंका माझ्यापर्यंत येतात, आणि अलीकडे त्यांत एक प्रश्न वरचेवर असतो : मुलाला संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात जावयाचे आहे, पदवी कोणती घ्यावी?

हे क्षेत्र आपल्यापासून दूर राहिलेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले; त्यांतील बराच पैसा बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढला गेला. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडमधीलच एका नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये संगणकीय व्यवहारांद्वारे परस्पर वळविले गेले. तिजोरीचे कुलूप शाबूत आणि पैसा मात्र गेलेला!

आता पदवीविषयी. अभ्यासक्रमाच्या नावात 'सायबर' हा शब्द दिसला की पालक भारी शुल्कासही राजी होतात, प्रसंगी जमिनीचा तुकडा विकतात. माझे मत निराळे आहे. कुलूप कसे फुटते हे समजण्यासाठी ते घडते कसे हे आधी कळावे लागते. संगणकाची कार्यप्रणाली, संगणकांची जाळी, प्रोग्रॅमिंग आणि गणित हे विषय जेथे कसून शिकविले जातात ती पदवी चांगली, मग तिचे नाव साधे का असेना.

गणिताचा उल्लेख मी मुद्दाम केला. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार ३२३३ हे मूल चटकन सांगेल. परंतु नुसत्या ३२३३ वरून त्या दोन मूळ संख्या शोधावयास सांगा, त्याला वेळ लागेल. संख्या शेकडो अंकी झाल्या की यंत्रेही थकतात. १९७७ साली मांडलेली आरएसए ही सांकेतिक लेखनपद्धती ह्याच अडचणीवर उभी आहे. आपण फळ्यावर शिकविता ते मूळ अवयव असे पहाऱ्यावर उभे असतात.

शिक्षणाची सोय जवळ आहे. विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून कार्यरत आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लातूर येथे उपकेंद्र आहे. संगणकशास्त्राची बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. करूनही पुढे वाट आहेच. पदवीनंतर प्रवेश-परीक्षा देऊन सी-डॅकचा संगणक-यंत्रणा व सुरक्षा ह्या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो.

लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना मेहनत शिकविली, हे निर्विवाद. मात्र ठरलेल्या वेळेत ठरलेली उत्तरे देणे हा येथील व्यवसाय नव्हे. प्रश्न कोठे दडला आहे हेच येथे शोधावे लागते. म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहावी, मान्यतेची कागदपत्रे मागावीत.

आणखी एक. उत्साहाच्या भरात दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो. हे मुलांना अकरावीतच सांगा. पुढे पोलीस-पडताळणीच्या वेळी ते कळून उपयोग नाही.