इंग्रजीतला मुका ‘घ’
(चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, ऊन उतरल्यावर सभा ठेवलीत हे फार बरं केलंत. ज्या गावाच्या नावातच चिंच आहे, तिथे बोलायला उभं राहायचं म्हणजे तोंडाला आधीच पाणी सुटतं. इंग्रज चिंचेला टॅमरिंड म्हणतो. तो शब्द अरबांच्या ‘तमर हिंदी’वरून आला. तमर हिंदी म्हणजे हिंदचा खजूर. हे जाता जाता सांगितलं. आज बोलायचंय ते पाच अक्षरी शब्दांवर.

‘शेवटी आय-जी-एच-टी येणारे पाच अक्षरी शब्द अर्थासह लिहा.’ असला सुट्टीचा अभ्यास मी नोकरीभर दिला. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. लाइट म्हणजे उजेड, नाइट म्हणजे रात्र, राइट म्हणजे बरोबर, फाइट म्हणजे मारामारी, साइट म्हणजे दृष्टी, माइट म्हणजे ताकद, टाइट म्हणजे घट्ट. आणि शेवटचा एट. हा उच्चारात पंक्ती सोडून बसतो, पण स्पेलिंगनं त्यांच्याच घरचा. शाळेच्या कामाचे शब्द मोजून आठ, आणि त्यातल्या एकाचा अर्थही आठ!

एका वर्षी पाचवीतल्या एका मुलीनं वही पुढे केली. आठही शब्द बिनचूक. पण प्रत्येक शब्दातल्या जी-एचखाली तिनं पेन्सिलीनं बारीक रेघ मारली होती. म्हणाली, “सर, हे म्हणायचं नाही, तर लिहायचं कशाला?”

मी मास्तरी उत्तर दिलं. “ते सायलेंट असतं. पाठ कर.” तिनं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. आजचं व्याख्यान हे तिला उशिरानं दिलेलं उत्तर समजा.

ही अक्षरं जन्मापासून मुकी नव्हती. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला ‘निख्त’ म्हणायचा, तोही घशातून खरखरीत ख काढून. जर्मन माणूस आजही ‘नाख्त’ म्हणतो, आणि स्कॉटलंडच्या बोलीत ‘निख्त’ अजून ऐकू येतो. त्या आवाजासाठी पूर्वी नुसता एच लिहीत. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि पुढे त्याच आवाजासाठी जी-एच लिहिण्याची रीत पडली. 1476 साली कॅक्स्टन नावाच्या इंग्रजानं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापलेलं रूप हळूहळू पक्कं होत गेलं. इकडे जिभेनं मात्र तो ख सोडून दिला. बोलणं पुढे गेलं, लिहिणं मागे राहिलं, एवढीच त्या सायलेंटची गोष्ट.

पण खरी गंमत पुढे आहे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याला विल्यम जोन्स या न्यायाधीशानं एक व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळच्या भाषा असाव्यात, असं त्यानं त्यात सांगितलं. पुढच्या पंडितांनी इंग्रजीही त्याच कुळात बसवली. आता आपली वही पुन्हा उघडा. नाइट आणि संस्कृतातलं ‘नक्त’, म्हणजे रात्र. एट आणि ‘अष्ट’. राइट आणि ‘ऋजु’. राइटचा जुना अर्थ सरळ असाच होता; म्हणून तर राइट अँगल म्हणजे काटकोन, उजवा कोन नव्हे! ही सगळी सख्खी-चुलत भावंडं.

लाइट तर दोन आहेत. उजेडाचा लाइट ‘रुच्’ धातूच्या नात्यातला. रुच् म्हणजे चमकणं. आणि वजनानं हलका तो लाइट आपल्या ‘लघु’चा भाऊ. त्याच्या पोटात जी-एच गप्प बसलेत ना, तिथेच लघुमधला घ आहे. इंग्रजानं तो मुका केला म्हणून आपण हसायचं कारण नाही. आपण काय केलं? लघुचा प्राकृतात ‘लहु’ झाला, मग अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ झाला, आणि त्यातून आपले हळू आणि हलका आले. म्हणजे आपण घ चा ह केला आणि वर त्याची जागाही बदलली.

सगळीच मुकी अक्षरं खानदानी नसतात, हेही सांगायला हवं. डिलाइट हा शब्द फ्रेंचांकडून आला, तेव्हा त्यात जी-एच नव्हतंच. लाइटच्या शेजारी बसून बसून त्यानं ते सोळाव्या शतकात उचललं. लग्नात कुणाचा तरी फेटा मागून घालावा, तसं.

आपल्याकडेही असं मुकं चिन्ह होतं. इथे बसलेल्या आजोबांनी लहानपणी ‘नांव’, ‘गांव’ असं डोक्यावर टिंब देऊन लिहिलं असेल. टिंब राहिलं तर छडी खाल्ली असेल. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. मुलं सुटली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पण ते टिंब उगाच नव्हतं. ग्रामातला आणि नामातला म झिजून झिजून तेवढा उरला होता. पटत नसेल तर नवापूरला जा. त्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. पलीकडच्या बाजूच्या माणसाला विचारा. तो गावाला अजून ‘गाम’च म्हणतो.

इंग्रजांनी त्यांचं टिंब पुसलं नाही, म्हणून आपल्या पोरांना स्पेलिंगचा ताप होतो. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तेव्हा ताप लवकर सुरू होतो. इथल्या पोरांना तर घरी मावची, शाळेत मराठी आणि वर ही तिसरी. एकच करा. सुट्टीच्या वहीत उजवीकडे आणखी एक रेघ मारून घ्या. त्या रकान्यात आठ, रात्र, सरळ आणि हलका यांना आजी मावचीत काय म्हणते, ते तिला विचारून, ती म्हणते तसंच लिहा. शाळा उघडेल तेव्हा त्या वह्या मला बघायला द्या.