कोरा रकाना

जुन्या हंगामांच्या नोंदी चाळताना मी आधी कोऱ्या जागा पाहतो. कवीची खोड, दुसरं काय! अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा बास्केटबॉल संघच घ्या. १९५९ च्या हंगामात २४ विजय, एक पराभव, विभागात अव्वल. तरी राष्ट्रीय स्पर्धेचा रकाना कोराच. १९६१, १९६२ लाही तेच. तिथं कृष्णवर्णीयांशी खेळावं लागलं असतं ना! अलिखित बंदी होती. १९६३ मध्ये कोर्टाचा मनाईहुकूम हाती पडण्याआधीच संघ राज्याबाहेर सटकला. रकान्यातली पहिली नोंद पराभवाची : शिकागोच्या लोयोलाकडून, ६१-५१. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय. सामन्याआधी कर्णधार जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड यांनी हात मिळवले, त्याचा फोटो आहे. २०११ मध्ये गोल्ड वारले. हार्कनेस अंत्यविधीला गेले, तर शवपेटीजवळ तोच फोटो ठेवलेला.