बारा चित्रांचा रोल
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



रविवारी सकाळी गळ्यात जुने कॅमेरे अडकवून आम्ही सहा-सात जण मांडवी-रावपुऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडतो, तेव्हा ओळखीची माणसे एकच विचारतात, "खिशात मोबाइल असताना हे कशाला?" आज मंडळानेच तो प्रश्न विचारला आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

पहिली गोष्ट बडोद्याच्या अभिमानाची. आपल्या घरांतले कितीतरी जुने कृष्णधवल फोटो ज्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याने काढले, तो इथेच, बडोद्यात तयार होत असे. न्यू इंडिया इंडस्ट्रीज हे नाव ज्येष्ठांना आठवत असेल. साधे भिंग, ठरलेला फोकस, शटरचा एकच वेग. आपण ठरवायचे ते एवढेच, की ऊन आहे की ढग! १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे. अल्बममध्ये सगळी मंडळी अंगणात, लांब उभी आणि डोळे बारीक केलेली का दिसतात, ते हा कॅमेरा हाती घेतल्यावर कळते. घरात उजेड पुरत नाही, जवळ गेले तर चेहरा पुसट येतो आणि ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी लागते. १२० चा रोल अजूनही बनतो, त्यामुळे माळ्यावरचा क्लिक-थ्री आजही चालू शकतो.

रोल स्वस्त नाही, हे खरे. पण म्हणूनच बटण दाबण्याआधी आपण थांबतो, समोरचे नीट पाहतो. आमच्या मते अर्धी गंमत त्या थांबण्यात आहे. आपल्या बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी गावोगाव फिरून भिंतींवरची चित्रे आणि रांगोळ्या फिल्मवर टिपल्या. अशी चित्रे लिंपणाबरोबर पुसली जातात, त्यांची फिल्म मात्र राहते.

उरलेली गंमत न्हाणीघरात. काळ्या पिशवीत हात घालून, न पाहता रोल टाकीत चढवायचा. डी-७६ हे औषध २० अंशांवर हवे, आणि मे महिन्यात आपल्या नळाचे पाणी कसे असते ते मी काय सांगू! बर्फाच्या परातीत बाटली ठेवावी लागते. इलफर्डच्या एचपी-५ रोलला साडेसात मिनिटे, मग हायपो, मग भरपूर पाणी. ओली पट्टी दिव्यासमोर धरली की आजींचे पांढरे केस काळेभोर दिसतात. घरातली मुले यावर सर्वांत जास्त खूश होतात.

आता ज्यासाठी मुख्यतः उभे राहिलो ते. आमच्यातल्या एकांचा दांडिया बाजारातला जुना वाडा यंदा उतरवला. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह सापडली. पूर्वी बारांतले दोन-तीनच फोटो छापून घेत, कारण छपाईला पैसे पडत. उरलेले कोणी कधी पाहिलेलेच नसत. त्या डब्यात त्यांच्या आत्याआजी निघाल्या, तुळशीपाशी उभ्या. लहान वयात गेलेल्या या बाईंचे एकही चित्र घरात नव्हते. ऐंशीच्या घरातल्या धाकट्या भावाने पट्टी हातात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. डब्यातल्या निम्म्या पट्ट्या मात्र एकमेकींना चिकटल्या होत्या, शिरक्यासारखा वास येत होता. फिल्म कुजू लागली की तो वास येतो, आणि उष्ण दमट माळ्यावर ते लवकर होते.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत काळ्या पट्ट्या भंगारात टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात ठेवा, माळ्यावरून खाली थंड, कोरड्या कपाटात आणा. वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या ठेवा. पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर ठेवून मोबाइलनेच त्यांचे फोटो काढता येतात. मोबाइलशी आमचे भांडण नाहीच!

दर रविवारी दुपारी मंडळाच्या मागच्या खोलीत आम्ही असतो. डबे घेऊन या. चिकटलेल्या पट्ट्या घरी ओढून सोडवू नका, तशाच आणा.