लघवीतील रक्त : मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली सूचना



लघवीला आग होऊ लागली, तिचा रंग बदलला, की 'उन्हाळी लागली' असे म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पिण्याची रीत घरोघरी आहे. साध्या तक्रारीत तिने अपाय होत नाही. परंतु लघवी लाल झाली आणि वेदना मात्र मुळीच नसली, तर हीच समजूत घातक ठरू शकते. कारण वेदनारहित रक्तस्राव हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत नेहमीचे आणि बहुधा पहिले लक्षण होय.

हे रक्त एकदोन दिवस दिसते व आपोआप थांबते. पुढे कित्येक आठवडे लघवी स्वच्छ असते. रोगी निश्चिंत होतो आणि श्रेय काढ्याला मिळते. रक्त थांबले तरी गाठ मात्र जागच्या जागी वाढत राहते. स्त्रियांना लघवीचा जंतुसंसर्ग अनेकदा होत असल्याने रक्ताचा दोष त्याच्यावर टाकला जातो व निदानास अधिकच विलंब होतो.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचे धूम्रपान हे आहे. विडीचा धूर फुप्फुसात जातो. मग मूत्राशयाला इजा कशी व्हावी? धुरातील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत सोडतात आणि मूत्राशयाच्या अस्तराशी त्यांचा तासन्‌तास संपर्क राहतो. अनेक देशांतील अभ्यासांनुसार सुमारे निम्म्या रोग्यांत धूम्रपान हेच कारण आढळते. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हा रोग तीन ते चार पटींनी अधिक दिसतो.

दुसरे कारण व्यवसायाचे. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयात गाठी होत असल्याचे दाखवून दिले. बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडीन ही रसायने त्यास कारणीभूत असल्याचे पुढे सिद्ध झाले. अशा संपर्काचा परिणाम वीस-तीस वर्षांनीही प्रकट होतो. म्हणून रंग किंवा रबराच्या कारखान्यात पूर्वी काम केलेल्याने ती माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

लाल लघवी म्हणजे कर्करोगच, असे मात्र नव्हे. मुतखडा व जंतुसंसर्ग यांतही रक्त जाते. बीट खाल्ल्याने अथवा क्षयावरील रिफाम्पिसिन या औषधानेही लघवीचा रंग बदलतो. खरे कारण तपासणीनेच कळते. प्रथम लघवी तपासतात, नंतर सोनोग्राफी करतात. परंतु लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहणे आवश्यक ठरते.

निदानाच्या वेळी चारांपैकी सुमारे तीन रोग्यांत रोग आतल्या थरांपुरताच असतो. अशी गाठ पोट न फाडता, दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. ती पुन्हा उद्भवू नये म्हणून, जरुरीप्रमाणे, मूत्राशयात औषध सोडतात. क्षयप्रतिबंधक म्हणून सर्वांना परिचित असलेली बी. सी. जी. लसच येथे उपयोगी पडते. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली तिचा हा उपयोग प्रसिद्ध केला. तरीही हा रोग वारंवार उलटतो. म्हणून बरे वाटू लागल्यावरही ठरलेल्या तारखांना दुर्बिणीची तपासणी चुकवू नये.

रोग स्नायूपर्यंत पोहोचल्यास उपचार कठीण होतात. औषधोपचारासोबत बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते आणि आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरील पिशवीत घ्यावी लागते. निवडक रोग्यांत किरणोपचार व औषधे यांच्या साहाय्याने मूत्राशय वाचविता येते. पिशवी लावलेली व्यक्तीही प्रकृती सावरल्यावर शेती, नोकरी व प्रवास करू शकते. कुटुंबाने तिला वेगळे लेखू नये.

लघवीविषयी बोलण्याचा संकोच हा या रोगाचा मोठा साथीदार आहे. शिक्षकांनी पालकसभेत, आरोग्यसेविकांनी गृहभेटीत आणि पंचायतीने ग्रामसभेत हा विषय उघडपणे मांडावा. विडी-सिगारेट सोडावी, आणि लघवीत रक्त एकदाच दिसले, दुखले नाही व आपोआप थांबले, तरीही त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठावे. मूत्राशय वाचणार की गमवावे लागणार, हे पुष्कळदा या एका निर्णयावर अवलंबून असते.