पीअर्समास्तरांची पाळी

अमेरिकेतले पहिले सरकारी अध्यापनविद्यालय ३ जुलै १८३९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन गावी उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी तीन, आणि अध्यापकवर्ग म्हणाल तर सायरस पीअर्स एकटेच! प्राचार्य तेच, सारे विषय शिकविणारे तेच, जोडीच्या सराव-शाळेवर देखरेख ठेवणारे तेच. थंडीत पहाटे उठून शाळेतली शेगडी पेटविणारेही तेच. चरित्रकार याला त्याग म्हणतात. आम्ही कामगार याला एका माणसावर चौघांचे काम म्हणतो. उद्याच्या शिक्षिकांनी हाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवला असेल, तर ती काळजीची गोष्ट आहे. १८४२ साली प्रकृती ढासळली. पद सोडावे लागले. शाळा वेस्ट न्यूटनला गेल्यावर, १८४४ साली, पीअर्समास्तर पुन्हा रुजू झाले.