कोळ्यांच्या होड्या आणि किनाऱ्यावरचा दिवा



दिल्लीपासून समुद्र फार दूर. तरीही भारताच्या किनाऱ्यावरील दीपगृहांचा कारभार ज्या कचेरीतून चालतो, ती दिल्लीशेजारच्या नोएडात आहे. लाटेचा आवाज जेथे कधी पोहोचत नाही, तेथील टेबलांवरून दिव्यांच्या फायली फिरतात. राजधानीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला या विसंगतीचे कौतुक वाटते. आणि त्यामुळेच की काय, सागरचित्र पाहताना माझी नजर प्रथम दिव्याकडे वळते.

इंग्रज चित्रकार टर्नर याने १७९६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत आपले पहिले तैलचित्र मांडले. रात्रीचा समुद्र, माथ्यावर चंद्र आणि लाटेवर हेलकावणाऱ्या मच्छीमारांच्या होडीत एक कंदील! चंद्राचा प्रकाश विशाल खरा. पण माणसाचा ठाव सांगतो तो कंदीलच. त्या वेळी इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध चालू होते. १८०२ च्या मार्चमध्ये तह झाला, आणि टर्नर त्याच वर्षी खाडी ओलांडून कॅलेला गेला. १८०३ मध्ये त्याने त्या बंदराचे चित्र प्रदर्शित केले. खवळलेला समुद्र, ढगांच्या फटीतून शिडावर पडलेला उजेड आणि मासेमारीला निघण्याच्या तयारीत असलेले फ्रेंच कोळी! कालच्या शत्रूचे कोळी. पण चित्रात वैराची छटा नाही. दुर्दैव असे की, त्याच वर्षीच्या मे महिन्यात युद्ध पुन्हा पेटले. चित्रातली शांतता जेमतेम चौदा महिने टिकली.

दिव्याला शत्रू-मित्र ओळखता येत नाहीत. म्हणूनच युद्धाचे पहिले फर्मान दिवे मालवण्याचे असते. १९७१ च्या डिसेंबरात मुंबई आणि दिल्ली, दोन्ही शहरे रात्री अंधारात ठेवली गेली होती. दिवे पुन्हा लागले, तेव्हाच युद्ध संपल्याची खात्री घराघरांस पटली असेल.

अशा शांततेचे चित्र आपल्या किनाऱ्यावरही उभे आहे. अलिबागजवळच्या थळसमोरील खांदेरी बेटावर १६७९ साली शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्याशी तेथे आरमारी झुंज झाली. त्याच बेटावर १८६७ साली दीपगृह उभारले गेले. कोळी बांधव तेथील वेताळाला भक्तिभावाने नमस्कार करतात आणि रात्री त्याच दिव्याच्या आधाराने घरची वाट धरतात. २०२५ साली या दुर्गाची जागतिक वारशात गणना झाली, ती त्याच्या लढाऊ इतिहासासाठी. परंतु गेली दीडशेहून अधिक वर्षे या बेटाने दिवा दाखवण्याचे व्रतही सांभाळले आहे.

आज मोठ्या जहाजांना उपग्रह वाट दाखवतात. तेव्हा एवढ्या खर्चाचे दिवे कशाला, असा प्रश्न हिशेब तपासणारा विचारू शकेल. त्याला मी एवढेच म्हणेन : उत्तर देण्यापूर्वी टर्नरच्या होडीतला तो कंदील एकदा पाहा, आणि तो धरणाऱ्याला किनारा कशावरून ओळखू येईल, याचा विचार करा.