धंदा कुणाच्या नावावर?

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



कोरोनाच्या काळातल्या रोजच्या जगण्याबद्दल बोल, असं मला सांगितलंय. त्याला आता पाच-सहा वर्षं होऊन गेली. लोक म्हणतात, कशाला पुन्हा ते उकरून काढायचं? मी आजाराबद्दल कमी बोलणार आहे आणि बायकांच्या धंद्याबद्दल जास्त. आमच्या मांडवीतून आजार गेला, पण त्या दिवसांत बायकांच्या हातून जे गेलं ते सगळं काही परत आलेलं नाही.

मांडवी तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी पाहिली असेल. जेट्टीवर फिरायला येता, भेळ खाता, सूर्य बुडताना बघता. मी तिथं राहते, आणि माझं कामही आसपासच्याच वस्त्यांत असतं. पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरात मासळी उतरते. बायका माल घेतात, बराचसा उधारीवर. पाटी भरून कुणी बाजारात बसते, कुणी दारोदार फिरते. दुपारी उधारी फेडायची आणि उरेल ते आपलं. हे 'उरेल ते' फार मोठं नसतं. पण भिशी त्यातूनच, पोरीची वह्या-पुस्तकं त्यातून, आणि नवऱ्याला न विचारता माहेरी जायचं एसटीचं भाडंही त्यातूनच.

22 मार्च 2020ला जनता कर्फ्यू झाला आणि 25 तारखेपासून सगळंच बंद. 10 एप्रिलला केंद्र सरकारनं मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. होड्या हळूहळू बाहेर पडल्या, मासे आले. पण बाजार कुठं भरत होता? गर्दी नको म्हणून बाजार बंदच. मग मासे विकले कुणी?

मोटरसायकलवाल्या पोरांनी. त्यात परका कुणी नव्हता. कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, कुणाचा मुंबईची नोकरी सुटून आलेला दीर. फोनवर गट केला, सकाळी मासळीचे फोटो टाकले, ऑर्डरी घेतल्या, पिशवी दाराबाहेर ठेवली, पैसेही फोनवरच. गिऱ्हाईक मात्र तिचंच होतं, पंधरा-वीस वर्षांत जोडलेलं. कुठल्या काकूंना कोळंबी सोलून लागते, कोण सोमवार पाळतं, कुणाला बांगडा डोक्यासकट हवा, ही सगळी माहिती तिनं घरात बसून त्या पोराला दिली. मासळी साफही तीच करून द्यायची, मोरीत बसून. पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्यावरही वेळ आली होती. पण संध्याकाळी हिशेब कुणाच्या फोनवर झाला?

एक मावशी मला म्हणाल्या, "सगले म्हनतात, धंदा गेला कुठं, घरातच तर हाय. घरात हाय गो बाय, पन माज्या बटव्यात नाय."

आणि घरात काम किती वाढलं! सगळी माणसं दिवसभर घरी, दोन खोल्यांत सातजण. शाळा मोबाईलवर, मोबाईल एकच. आधी मुलाचा वर्ग, मग जमलं तर मुलीचा. त्याच साली सप्टेंबरमध्ये सरकारची वेळेच्या वापराची पाहणी प्रसिद्ध झाली, 2019 सालची, म्हणजे टाळेबंदीच्या आधीची. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 97. साधे दिवस होते तेव्हाचा हा आकडा. माझी मीटिंग स्वयंपाकघरात पडद्यावर चालायची. मी गंभीरपणे हिंसाचारावर बोलतेय आणि सासूबाई ओट्याशी उभ्या राहून खुणेनं विचारताहेत, तांदूळ किती घेऊ? तुम्ही हसताय, पण ह्यांना कधी कुणी खुणेनं काही विचारलं नाही!

हिंसाचाराचंही सांगते. हेल्पलाइन होत्या, पण मारणारा चोवीस तास समोर बसलेला असताना फोन कसा करायचा? एकीशी माझं ठरलं होतं. तिनं फोन करून "सुकट मिळेल का?" विचारलं, की मी समजायचं. तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी आम्ही तिला दोन आळ्या पलीकडे तिच्या मामीकडे पोचवलं. एरवी तिला फोनची गरजच पडली नसती. बाजारात शेजारी बसणारीनं तिचा सुजलेला गाल बघितला असता. आपण सल्ला केंद्र चालवतो खरं, पण आमच्याकडचं मोठं सल्ला केंद्र बाजारच होता, आणि तेच बंद झालं.

त्यात एप्रिलमध्ये शेजारच्या राजिवड्यात रुग्ण सापडला आणि तो भाग बंद केला. पुढं तो भाग उघडला तरी तिथल्या मुसलमान बायकांकडून मासे घेऊ नका, अशी कुजबुज मी माझ्या कानांनी ऐकली. ज्यांच्या पाट्या वर्षानुवर्षं एकमेकींना लागून असायच्या, त्यांच्यातही काही दिवस अंतर पडलं. ते सहा फुटांचं नव्हतं. त्यावर वेगळं बोलायला हवं.

आता माझ्या मुद्द्याचं. 1 जून 2020ला पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. शहरातल्या विक्रेत्यांना तेव्हा 10,000 रुपयांपर्यंत भांडवलाचं कर्ज मिळणार होतं. मांडवी नगर परिषदेच्या हद्दीत, म्हणजे आमच्या बायका त्यात बसायला हव्यात. अट अशी होती, की 24 मार्च 2020 रोजी किंवा त्याआधीपासून तुम्ही विक्री करत असायला हवं होतं. प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर शिफारसपत्र आणा. बायका माझ्याकडे बघू लागल्या. एकीची आई विकायची, सासू विकायची, ती स्वतः लग्नापासून विकतेय, आणि कागद एकही नाही. रेशनकार्डावर काय, बँकेच्या पासबुकाच्या अर्जावर काय, व्यवसाय लिहिलेला 'गृहिणी'. होडीला नोंदणी आहे, पाटीला नाही. काहीजणींची शिफारसपत्रं आम्ही खटपट करून मिळवली, काहीजणी दोन हेलपाट्यांतच कंटाळल्या. पोटाला हवं होतं तेव्हा, रांगेत किती दिवस घालवणार?

पुढं बाजार उघडला. पुष्कळजणी परत येऊन बसल्या. ज्या नाही आल्या, त्यांना कुणी हाकललं नव्हतं. मुलगा प्रेमानं म्हणाला, "आई, आता दगदग कशाला करतेस?" प्रेमानं बोललेल्या वाक्याविरुद्ध मोर्चा कसा काढायचा, हे आपल्या चळवळीला अजून नीट जमलेलं नाही. त्यातली एक आता मुलाकडे महिन्याला भिशीचे पैसे मागते. कधी मिळतात, कधी "पुढच्या महिन्यात."

पथविक्रेत्यांसाठी 2014 सालचा केंद्राचा कायदा आहे. पाच वर्षांतून निदान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं. त्यात नोंद झालेल्यांना विक्रीचं प्रमाणपत्र मिळतं, पाटी घेऊन फिरणाऱ्यांनाही. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. सर्वेक्षण करणारा माणूस घरी येतो तेव्हा दार उघडून "मी काही करत नाही, घरीच असते" म्हणायची आपल्या बायकांना सवय आहे. पुष्कळदा ती नसतेच, आणि नवरा सांगतो. म्हणून आम्ही आमची यादी आम्हीच करायला घेतली आहे. कोण, कुठं बसते, किती वर्षं, काय विकते, आणि शेजारी बसणाऱ्या दोघींच्या साक्षीच्या सह्या. ज्या 2020नंतर बसायच्या थांबल्या त्यांचीही नावं त्यात घेतोय. बसायचं की नाही, ते त्या ठरवतील.

कोऱ्या याद्या मी आणल्या आहेत. गुहागर, दापोली, राजापूरच्या गटांनी जाताना घेऊन जा. मासळीच हवी असं नाही, भाजीवाल्या, कोकम-आमसुलं विकणाऱ्या, सगळ्या चालतील. शहराबाहेर पथविक्रेत्यांचा कायदा लागू नाही, तिथं ग्रामपंचायतीकडे काय मागायचं ते बसून ठरवू. जेवणानंतर मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी आहे.